जुन्नरच्या घाटवाटा : व्यापार, लेणी आणि दुर्ग

पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीकाठचे जुन्नर हे शहर आज तालुक्याची बाजारपेठ म्हणून आणि शिवनेरीच्या पायथ्याचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु त्याच्या परिसरातील लेणी, टाकी आणि किल्ले यांचा एकत्र विचार केला, तर या साऱ्यांना जन्म देणारी मूळ गोष्ट कोकणातून देशावर चढणारी पाऊलवाट ही होती, असे दिसून येते.

या वाटांपैकी सर्वांत महत्त्वाची वाट नाणेघाटाची होय. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल वैशाखरे गावाच्या बाजूने सह्याद्री चढून घाटमाथ्यावर येई आणि तेथून सुमारे ३० किलोमीटर पूर्वेकडे असलेल्या जुन्नरला पोहोचे. घाटमाथ्याजवळ, दोन्ही बाजूंच्या कातळांमधून दगडी पायऱ्यांची अरुंद वाट वर जाते, तेथेच सातवाहनकालीन लेणे खोदलेले आहे. त्याच्या भिंतींवरील ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो आणि तो सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी जोडला जातो. त्यात वैदिक यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, यांची नोंद असून दानांच्या संख्या अंकांत कोरलेल्या असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखाला मोठे स्थान आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आता नष्ट झाल्या असून काही ठिकाणी केवळ पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. राजघराण्याने आपली कीर्ती राजधानीत न कोरता वाटसरूंच्या विश्रांतिस्थानी कोरावी, यातच त्या वाटेवरील वर्दळीचा पुरावा आहे. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीची, म्हणजे मालावरील कराची, नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरा सांगितली जाते.

या व्यापाराने जुन्नर संपन्न झाले, याची साक्ष भोवतालच्या डोंगरांतील लेणी देतात. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या समूहांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे असून त्यांतील लेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांचा संघ, तसेच यवन, म्हणजे ग्रीक, दाते यांचे उल्लेख येतात. मानमोडी येथे क्षत्रप, म्हणजे शक शासक, नहपान याचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याने त्या काळच्या गणनेतील वर्ष ४६ मध्ये केलेल्या दानाचा लेख आहे. त्यात मंडपाबरोबर पोढीचा, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याचा, निर्देश येतो. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या कातळप्रदेशात भिक्षूला आणि वाटसरूला पाणी मिळवून देणे हे पुण्यकर्म मानले जाई.

जेथून संपत्ती जाते, तेथे सत्तेला पहारा बसवावा लागतो, आणि म्हणूनच नाणेघाटावर नजर ठेवणारा जीवधन, जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवरचा चावंड, उत्तरेकडचा हडसर आणि शहराच्या माथ्यावरचा शिवनेरी अशी दुर्गांची साखळी उभी राहिली. जीवधनाच्या पश्चिमेकडील दरवाजाला कल्याण दरवाजा आणि दुसऱ्याला जुन्नर दरवाजा म्हणतात; ही नावेच त्या किल्ल्याचे प्रयोजन सांगतात.

१८१८ मध्ये मराठी सत्ता संपल्यावर या दुर्गांचे लष्करी महत्त्व ओसरले. पुढे बोरघाटातून १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये लोहमार्ग सुरू झाल्यावर, बैलांच्या पाठीवरून चालणाऱ्या मालवाहतुकीला रेल्वेशी स्पर्धा करणे अशक्य झाले आणि जुन्या घाटवाटा मागे पडल्या.

आज या वाटांवर गिर्यारोहक आणि दुर्गप्रेमी मोठ्या संख्येने येतात. मात्र संरक्षणाचा विचार बहुधा लेणी आणि तटबंदी यांच्यापाशी थांबतो, तर पायऱ्या, फरसबंदी आणि टाकी दुर्लक्षित राहतात. दोन हजार वर्षे बंदराला बाजारपेठेशी जोडणारी वाट हीच येथील सर्वांत मोठी वास्तू आहे, आणि लेण्यांइतकीच तीही जपली गेली पाहिजे. कारण वाटेवाचून पाहिलेली लेणी आणि किल्ले आपल्या अस्तित्वाचे कारणच गमावून बसतात.