'विभावरी' म्हणजे कोण?



आवडती कादंबरी पुन्हा वाचावयास घेतली, म्हणजे पहिल्या वाचनात न सुचलेला एक प्रश्न मनात येऊ लागतो. पहिल्या खेपेस 'पुढे काय झाले?' एवढेच विचारीत आपण पाने उलटतो. दुसऱ्या खेपेस पुढचे ठाऊक असते. मग लक्ष कथेवरून निघून कथा सांगणाऱ्याकडे वळते. हे लिहिणारे माणूस कोण? त्याला हे सारे कसे कळले? परवा विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी मी पुन्हा वाचली, तेव्हा माझे असेच झाले. आज या एका नावापुरताच विचार करू.

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मध्यमवर्गीय मुलींच्या मनाचा कोंडमारा त्यात इतक्या उघडपणे मांडला होता, की महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. नवऱ्यापासून दुरावलेली स्त्री आणि दुसऱ्या पुरुषावर जडलेले तिचे प्रेम, हा तिचा विषय. पुस्तकांइतकीच चर्चा झाली ती नावाची. ही विभावरी कोण? खरोखर बाईच, की बाईच्या नावाआड लपलेला कुणी पुरुष?

ती बाईच होती. तिचे नाव बाळूताई खरे. जन्म १९०५ सालचा, घोडनदीचा, म्हणजेच शिरूरचा. 'शिरूरकर' हे आडनाव तेथून आलेले. 'विभावरी' म्हणजे रात्र. लोक तर्क करीत होते तेव्हा निम्मे उत्तर आडनावातच होते! बाळूताई पुण्यात मुलींना शिकवीत असत. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. बाळूताईंनी याच सुमारास स्वतःच्या नावानेही लेखन केले होते. 'अलंकारमंजूषा' त्यांची, 'हिंदुव्यवहार धर्मशास्त्र' या ग्रंथाच्याही त्या सहलेखिका. म्हणजे हिंदू स्त्रीला कायद्याने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे सांगताना नाव झाकण्याची गरज पडली नाही. पण त्याच कायद्याखाली जगणाऱ्या स्त्रीच्या मनात काय चालते, हे सांगावयाचे झाले तेव्हा मात्र पडदा घ्यावा लागला. बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला, मुंबई प्रांतात १९४७ साली, आणि हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. 'हिंदोळ्यावर'मधील स्त्री १९३४ सालच्या पुण्या-मुंबईची. नवऱ्याने टाकले तरी पांढरपेशा बाईला कायद्याने सुटका नव्हती. अशा स्त्रीची बाजू मांडणारी बाई शाळेत मुलींपुढे उभी राहते, हे त्या समाजाला कितपत पचले असते?

विलायतेतही याहून निराळे घडले नव्हते. १८५९ साली 'अ‍ॅडम बीड' ही कादंबरी जॉर्ज एलियट या पुरुषी नावाने निघाली आणि गाजली. तेव्हा लिगिन्स नावाच्या एका गृहस्थाकडे लोकांनी तिचे कर्तृत्व बहाल केले. त्याच्यासाठी वर्गणीचीही भाषा सुरू झाली. शेवटी खऱ्या लेखिकेला, मेरी अ‍ॅन इव्हान्सला, पुढे यावे लागले. विवाहित पुरुषाबरोबर ती उघडपणे राहत होती. आपल्या नावाने पुस्तक निघाले तर पुस्तकाऐवजी आपलाच न्याय होईल, ही तिची भीती रास्त होती. डिकन्सने मात्र तिच्या आधीच्या कथा वाचूनच १८५८ साली ओळखले होते, की हा हात स्त्रीचा आहे. त्याने चौकशी केली नाही. नीट वाचले, एवढेच.

तात्पर्य, 'खरे कोणी लिहिले?' हा प्रश्न दोन रीतींनी विचारता येतो. त्या काळच्या पुष्कळांनी तो पंचनाम्यासाठी विचारला. लेखिका सापडली, की तिच्या नायिकेचे पाप तिच्याच पदरी बांधावयाचे! आज आपणही 'यातले आत्मचरित्र किती?' असे उकरीत बसलो, तर त्याच पंचांच्या रांगेत जाऊन बसू. इतिहासाचा विद्यार्थी तोच प्रश्न निराळ्या रीतीने विचारतो: हे नाव झाकावे का लागले? त्याचे उत्तर लेखिकेविषयी थोडे आणि तिच्या वाचकांविषयी, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांविषयी, पुष्कळ सांगते.

पुढे मालतीबाई सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत कामाला गेल्या. तारेच्या कुंपणाआडचे ते जिणे त्यांनी 'बळी' या कादंबरीत मांडले. ती १९५० साली निघाली. तिच्यावरही नाव विभावरी शिरूरकर हेच. लपण्यासाठी घेतलेले नाव एव्हाना मिळवलेले नाव झाले होते.

'हिंदोळ्यावर' आपल्या गावच्या ग्रंथालयात असेल, तर पुन्हा एकदा वाचा. वाचून झाल्यावर मुखपृष्ठावरील नावाकडे क्षणभर पाहा. कादंबरीचे पहिले प्रकरण तेथूनच सुरू होते, असे तुम्हालाही वाटेल.