एका कव्वालीचे पाच गायक : गाण्यांच्या फाइलमधली नावं दुरुस्त करताना ती पुसली कशी जातात?

उरुसातली कव्वाली, मिलादमधली नात, गावात झालेला एखाद्या शाहिराचा कार्यक्रम. वर्षानुवर्षं कॅसेटवर पडून असलेलं हे सगळं आता अनेक घरांत संगणकात उतरवलं जातंय. आवाज यंत्र उतरवून घेतं, नावं मात्र माणसालाच लिहावी लागतात. कोणी गायलं, कलाम कोणाचा, चाल कोणाची, हे कॅसेटच्या कागदावर पेनाने लिहिलेलं असतं आणि तिथून ते फाइलमध्ये भरायचं असतं. फाइलच्या आत या माहितीसाठी जे रकाने असतात त्यांना टॅग म्हणतात. गायक, अल्बम, संगीतकार, गीतकार, प्रकार, वर्ष असे हे रकाने.

खरी अडचण येते ती एका रकान्यात एकापेक्षा जास्त नावं असतात तेव्हा.

‘बरसात की रात’ (१९६०) मधली ‘ना तो कारवाँ की तलाश है’ ही कव्वाली घ्या. मन्ना डे, आशा भोसले, सुधा मल्होत्रा, एस. डी. बातिश आणि मोहम्मद रफी असे तिचे पाच गायक. शब्द साहिर लुधियानवींचे, संगीत रोशन यांचं. गायकाच्या रकान्यात ही पाच नावं दोन प्रकारे भरता येतात. एक म्हणजे स्वल्पविराम देत सगळी एका ओळीत. मग सॉफ्टवेअरला तो पाच नावांचा एकच लांबलचक गायक वाटतो आणि सुधा मल्होत्रांची गाणी शोधली तर ही कव्वाली त्यांच्या यादीत येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पाच वेगवेगळ्या नोंदी. मग कोणाच्याही नावाने शोधा, कव्वाली सापडते. या दुसऱ्या प्रकाराला बहुमूल्य टॅग म्हणता येईल. तो जास्त उपयोगी आहे, पण नाजूकही तितकाच आहे.

सिनेमातल्या गाण्याचं नाव पुसलं गेलं तरी दुसरीकडे शोधून काढता येतं. आपल्या भागातल्या रेकॉर्डिंगचं तसं नसतं. परंडा तालुक्यातल्या सोनारीपासून फार लांब नसलेल्या बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) बघा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजात गाजलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अण्णाभाऊ साठेंनी लिहिलेली. फाइलमध्ये दोन्ही नावं हवीत. ‘झूम बराबर झूम शराबी’ म्हटलं की अझीझ नाझाँ सगळ्यांना आठवतात, पण ती लिहिणारे नाझा सोलापुरी किती जणांना माहीत आहेत? गायकाचं नाव बहुतेक वेळा वाचतं. आधी जातं ते शायराचं, आणि त्यानंतर मागे साथ करणाऱ्या दुसऱ्या आवाजाचं. गावातल्या कव्वालाच्या कॅसेटवरची ही नावं दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसतात. तिथे टॅग हीच नोंदवही.

नावं जातात कशी?

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एकदम अनेक फाइल निवडून बदल करताना. समजा चाळीस फाइल निवडल्या आणि सगळ्यांना अल्बमचं एकच नाव द्यायचंय. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये फाइलींची माहिती वेगवेगळी असेल तर त्या रकान्यात ‘कीप’ असं दिसतं. म्हणजे जे आहे ते तसंच राहू दे. जिथे बदल करायचा नाही तिथे हा शब्द खोडू नका. त्याच यादीत ‘ब्लँक’ हा पर्यायही असतो. तो निवडून सेव्ह केलं की चाळीसही फाइलींतला तो रकाना रिकामा होतो. फूबार२००० मध्ये अनेक फाइली निवडल्यावर वेगवेगळी नावं एकाच ओळीत एकत्र दिसतात. ती ओळ ‘नीट’ करायला गेलात तर सगळ्या फाइलींत सगळ्यांची नावं जाऊन बसतात. मग कोणती नात कोणी म्हटली, ते कळायला मार्ग उरत नाही.

दुसरं कारण म्हणजे नावं तोडणारं चिन्ह. प्रत्येक सॉफ्टवेअरचं चिन्ह वेगळं. फूबार२००० आणि म्युझिकबी अर्धविराम (;) वापरतात. एमपी३टॅगमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) द्याव्या लागतात. पिकार्डमध्ये टॅगवर दोनदा क्लिक केलं की वेगळी खिडकी उघडते आणि तिथे एकेक नाव स्वतंत्र वाढवता येतं. नवख्याला हेच सोपं. एका सॉफ्टवेअरची सवय दुसऱ्यात वापरली की अर्धविराम हा नावाचाच भाग होऊन बसतो.

याच्या उलटही घडतं. कोणी सांगतं, सगळ्या फाइलींत ‘-’ किंवा ‘आणि’ शोधा आणि तिथे नाव तोडा. मग कल्याणजी-आनंदजी ही जोडी फुटते, ‘अमुक कव्वाल आणि पार्टी’ मधली ‘पार्टी’ नावाची स्वतंत्र गायिका तयार होते! तोडायचं कुठे, हे माणसानेच डोळ्यांनी बघून ठरवायला हवं.

तिसरं कारण फाइलच्या प्रकाराचं आहे. एमपी३ मधल्या टॅगच्या पद्धतीला आयडी३ म्हणतात. तिची अगदी जुनी आवृत्ती फाइलच्या शेवटी १२८ बाइटमध्ये बसते. गायकाला त्यात फक्त ३० अक्षरांची जागा, तीही रोमन लिपीपुरती. देवनागरी किंवा उर्दू लिहिलं तर प्रश्नचिन्हं उमटतात. १९९९ च्या २.३ आवृत्तीत देवनागरी, उर्दू दोन्ही चालतात, पण अनेक नावं तोडण्यासाठी तिरकी रेघ (/) ठरवलेली होती. ‘एसी/डीसी’ या इंग्रजी बँडच्या नावातच ती रेघ असल्याने काही सॉफ्टवेअरमध्ये त्याचे दोन गायक झाले. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या २.४ ने हा घोळ मिटवला. त्यात प्रत्येक नावामध्ये न दिसणारं एक शून्य चिन्ह असतं. तरीही २.३ ची चाल आजही मोठी आहे आणि २.४ ची फाइल २.३ मध्ये सेव्ह करताना वेगळी नावं परत एका ओळीत चिकटू शकतात. पिकार्डच्या सेटिंगमध्ये कोणती आवृत्ती लिहायची आणि २.३ असेल तर कोणत्या चिन्हाने जोडायचं, हे दोन्ही ठरवता येतं. फ्लॅक आणि ऑग फाइलींत हा त्रास नाही. तिथे गायकाचा रकानाच हवा तितक्या वेळा लिहिता येतो. कॅसेट नव्याने उतरवत असाल तर मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवा.

हात लावण्याआधी

पूर्ण फोल्डरची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि ती उघडतेय का, तेही बघा. क्लाउडवर आपोआप जाणारी प्रत ही बॅकअप नव्हे. इथे चूक झाली की मिनिटभरात तिथेही तीच चूक जाऊन बसते. त्यानंतर टॅगची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढून घ्या. ही सोय एमपी३टॅगमध्ये आहे, पण तयार साच्यात गीतकाराचा रकाना आहे का ते तपासा. नसेल तर जोडा, नाहीतर जे नाव सगळ्यात आधी हरवतं तेच यादीत नसेल.

पडद्यावर दिसतं तेवढंच फाइलमध्ये असतं, असं समजू नका. गीतकाराचा रकाना बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मुळात दाखवलेलाच नसतो. एमपी३टॅगमध्ये अल्ट आणि टी दाबल्यावर लपलेले सगळे रकाने दिसतात. पहिला बदल दोन-तीन फाइलींवरच करा, सेव्ह करा आणि त्या फाइली दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. पाचही नावं वेगवेगळी दिसली तरच पुढे जा.

गाडीतल्या प्लेअरवर किंवा काही मोबाइल अॅपवर पहिलंच नाव दिसतं. याचा अर्थ बाकीची पुसली गेली असा नाही. त्या प्लेअरला ती वाचता येत नाहीत, इतकंच. अशा वेळी मूळ फाइल बदलू नका. गाडीसाठी वेगळी प्रत काढा आणि तिच्यात नावं खुशाल एका ओळीत जोडा. पिकार्ड यासाठी दोन रकाने ठेवतं. एकात दाखवायची सलग ओळ, दुसऱ्यात सुटी नावं.

आणि नावं गेलीच तर? आधी थांबा. जुन्या सॉफ्टवेअरला फोल्डर पुन्हा स्कॅन करू देऊ नका, त्याच्या स्वतःच्या नोंदीत आधीची नावं शिल्लक असू शकतात. फाइलचं नाव बघा. आयडी३ चा जुना टॅग शेवटी राहिलाय का ते बघा, रोमन लिपीत अर्धवट का होईना, काहीतरी मिळेल. कॅसेटचा कागद फेकला नसेल तर त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आणि ज्या महफिलीची ती कॅसेट आहे तिथे हजर असलेले आजोबा किंवा मामू असतील, तर रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा. दुसरा आवाज कोणाचा, हे त्यांना अजून ओळखता येईल.