छापण्याआधीचा वाचक : बालपुस्तकांच्या संहिता-परीक्षणाची प्रस्तावना

मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला आपली संहिता दाखवायला साधारण तीन ठिकाणं असतात. घरची माणसं कौतुक करतात. ओळखीचे साहित्यिक आशीर्वादाचे चार शब्द लिहून देतात. प्रकाशकाकडून महिनोन् महिने काही कळत नाही आणि कळलंच तर ‘साभार परत’ एवढंच कळतं. यातल्या कशानेही पुस्तक सुधारत नाही. त्यासाठी छापण्याआधीचा एक वाचक लागतो. त्याला बालपुस्तकांचा व्यवहार ठाऊक असतो, मूल कसं वाचतं हे त्याने पाहिलेलं असतं, लेखकाशी नातं नसल्यामुळे तो मोकळेपणाने बोलतो आणि जे बोलतो ते कागदावर लिहून देतो. त्याच्या या कामाला इथे संहिता-परीक्षण म्हटलं आहे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतल्या लिहित्या शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना आणि ग्रंथपालांना डोळ्यांसमोर ठेवून या विद्येची ओळख करून द्यायची आहे.

हेच तालुके का, असं कुणी विचारेल. ठाणे जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना इमारती आणि लोकल आठवते. पण आसनगाव सोडून गाडी खर्डी-कसाऱ्याकडे निघाली की जिल्ह्याचं दुसरं रूप सुरू होतं, आणि मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. माहुली, सिद्धगड, गोरखगड यांच्या पायथ्याशी ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या आहेत. भातसा आणि तानसा ही धरणं इथलीच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि शाळेचे बाक रिकामे होतात. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत शिकवणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते : समोरच्या मुलाचं घर, रान, पाऊस, बाजार बहुतेक छापील गोष्टींत नाही. मग तो स्वतः लिहायला बसतो. ती वही पुढे कुठे जाते? बहुधा कपाटात. नाहीतर पैसे घेऊन छापणाऱ्या कुणाकडे, आणि तिथून थेट सत्कार समारंभात. मधली पायरी गाळली जाते. माझं सगळं म्हणणं त्या मधल्या पायरीबद्दल आहे.

इंग्रजीत ही पायरी साहित्यिक एजंटच्या हाती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॅट यांनी लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करायला सुरुवात केली आणि तिथून हा व्यवसाय वाढला. एजंट संहिता वाचतो, दुरुस्त्या सुचवतो, योग्य प्रकाशक शोधतो आणि पुस्तक विकलं गेल्यावर लेखकाच्या उत्पन्नातून साधारण १५ टक्के घेतो. नुसतं वाचण्याचे पैसे प्रतिष्ठित एजंट मागत नाही. मराठीत हा व्यवसाय रुजला नाही. आपल्याकडे ते काम संपादकांनी केलं, आणि थोर संपादकांनी फार मोठ्या उंचीवर नेऊन केलं. ‘मौज’ आणि ‘सत्यकथे’च्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या पत्रांबद्दल लेखक आजही आदराने बोलतात. कथा परत आली तरी सोबतच्या पत्रातून लेखकाला आपली कथा नव्याने दिसायची. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं.

पण संपादनातली ती चिकाटी मुलांच्या पुस्तकांच्या वाट्याला क्वचित आली. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू केलं, भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ चालवलं, १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’ निघतं आहे. या मासिकांनी लेखक घडवले. पुस्तकाच्या बाबतीत मात्र ‘मुलांचंच आहे, चालेल’ ही वृत्ती फार काळ टिकली. माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तकं हाती घेतली की वेगळी शिस्त दिसते. तिथे चित्र आणि मजकूर एकमेकांचं काम हिरावून घेत नाहीत आणि मोठी माणसं मुलाच्या वतीने बोलत नाहीत. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. या क्षेत्रात येणाऱ्याने सिद्धान्त वाचण्याआधी त्यांची दहा पुस्तकं पान उलटत, थांबत, नोंदी करत वाचावीत असं मला वाटतं.

दुसरा वारसा खुद्द या जिल्ह्याचा आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये ते वाढवलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची आणि साधनं आसपासच्या वस्तूंतून करायची. मूल कुठे रमतं ते पाहून आपली योजना बदलायची, ही त्यांची रीत संहिता-परीक्षणाला जशीच्या तशी लागू पडते. लंडनच्या एजंटपेक्षा आपल्याला ही परंपरा जवळची आहे आणि मी तिच्यावर अधिक भरवसा ठेवतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, तानसाच्या काठच्या एका शिक्षिकेने गोष्ट लिहिली आहे. (संहिता कल्पित आहे, तिच्यातल्या अडचणी मात्र नेहमीच्या आहेत.) धरण घराजवळ असून उन्हाळ्यात वाडीला टँकरची वाट पाहावी लागते. आठ वर्षांची मुलगी विचारते, हे पाणी जातं कुठे? ती जलवाहिनीच्या कडेकडेने चालत निघते. बीज अस्सल आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि काठचं गाव तहानलेलं राहतं, हे इथल्या मुलाच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. पण संहितेत पहिली दोन पानं सह्याद्रीचं वर्णन आहे. मग मुलगी प्रश्न विचारते आणि आजोबा दीड पान उत्तर देतात. शेवटी गुरुजी पाणी जपून वापरण्याचा उपदेश करतात.

परीक्षक अहवाल लिहायला बसतो तेव्हा आधी एका परिच्छेदात लिहितो की त्याला ही गोष्ट कशाची वाटली. हे फार मोलाचं आहे, कारण लेखिकेच्या मनातली गोष्ट आणि कागदावर उतरलेली गोष्ट यांतलं अंतर तिला प्रथम इथे दिसतं. तिला मुलीचं धाडस लिहायचं होतं. वाचणाऱ्याला आजोबांचं व्याख्यान मिळालं. मग तो विचारतो : मुलगी चालायला कितव्या पानावर लागते? सहाव्या. ती पहिल्याच पानावर निघाली तर? डोंगर तिला वाटेत दिसतीलच. जलवाहिनी कुणाच्या अंगणातून जाते, कुठे गळते, गळतीपाशी कोण हंडा लावून बसलं आहे, हे तिने स्वतः पाहिलं तर आजोबांना बोलावं लागणार नाही. आणि गुरुजींचा उपदेश? ज्या वाडीला टँकरचं पाणी मोजून मिळतं तिथल्या मुलाला पाणी जपून वापर म्हणून सांगणं अन्यायाचं आहे, असं परीक्षकाने स्वच्छ लिहिलं पाहिजे. इथे कलेतला दोष आणि विचारातला दोष एकच आहे.

याच संहितेत आणखी एक अडचण असते आणि ती या भागातल्या लेखनात वारंवार दिसते. लेखिका भातलावणी, नाचणी, शेवळं, कारवीचा कूड यांचं स्पष्टीकरण देत जाते. ते कुणासाठी? डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या मुलाला त्याची गरज नाही. म्हणजे लिहिताना नकळत पुण्या-मुंबईचं मूल समोर बसलं आहे आणि ज्याच्यासाठी वही उघडली होती ते मागच्या रांगेत गेलं आहे. परीक्षकाने हे दाखवून द्यावं आणि निवड लेखिकेवर सोपवावी. माझं मत विचाराल तर स्पष्टीकरणं काढावीत. शहरातल्या मुलाला चित्रातून पुष्कळ कळतं, आणि थोडं कळलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही.

चित्रपुस्तकात तर शब्द काढणं हेच मोठं काम असतं. मॉरिस सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ मध्ये आलं. त्यात साडेतीनशेहून कमी शब्द आहेत आणि मधल्या धुमाकुळाच्या पानांवर तर एकही नाही. आपल्याकडची बहुतेक हस्तलिखितं चित्रकार आहे हे विसरून लिहिलेली असतात. छपाईचा हिशेबही ठाऊक हवा. फॉर्म आठ किंवा सोळा पानांचा असतो, म्हणून चित्रपुस्तक १६, २४ किंवा ३२ पानांचं होतं. गोष्टीचे तेवढे तुकडे पाडून प्रत्येक पान उलटताना मुलाला पुढचं बघावंसं वाटतं का, हे तपासता येतं. शुद्धलेखन आणि विरामचिन्हं यांची पाळी सर्वांत शेवटी येते. अनेकजण सुरुवातच तिथून करतात आणि लाल शाईने भरलेल्या पानांना अभिप्राय समजतात.

बोलीचा प्रश्न नाजूक आहे. संवादात ठाकरी किंवा कातकरी बोली आणायची तर ती बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावी. नुसते उच्चार मोडून लिहिलेलं मराठी म्हणजे बोली नव्हे, आणि मुलाला त्यात आपली थट्टा ऐकू येते.

आता मुलांचा अभिप्राय. या बाबतीत शहापूर-मुरबाडच्या शिक्षकाकडे जे आहे ते महानगरातल्या एजंटकडे नाही. द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची मुलं एकत्र बसतात. एकच गोष्ट चार वयांवर कशी उतरते, कुठे पहिलीतलं मूल उठून जातं आणि चौथीतलं पुढे सरकतं, हे एका बैठकीत दिसतं. गोष्ट आपली आहे हे मात्र सांगू नये. ‘आवडली का?’ हेही विचारू नये, कारण गुरुजींना आणि बाईंना मुलं एका सुरात ‘हो’च म्हणतात. दुसऱ्या दिवशी गोष्ट त्यांना सांगायला लावावी. जे गाळलं जाईल ते बहुधा संहितेतही गाळण्याजोगं असतं, आणि जे मुलांनी पदरचं घातलं ते कान देऊन ऐकावं. वीटभट्टीवरून परतलेलं मूल मध्येच वर्गात आलं तर त्यालाही गोष्टीत शिरता येतं का, ही आणखी एक कसोटी.

ऐकण्यावरून आठवलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि गुलाबी लुगड्यातल्या त्या विद्यार्थिनी देशभर पोचल्या. उतारवयात अक्षरं गिरवणाऱ्या अशा आज्यांच्या पिढीकडे तोंडी गोष्टींचा साठा आहे. तो लिहून काढताना सांगण्यातला ठेका, थांबे, हुंकार हरवतात आणि उरतो तो सारांश. तोंडी गोष्टीवरून केलेली संहिता परीक्षकाने मोठ्याने वाचावी. जिथे जीभ अडखळते तिथे लेखनाने काहीतरी मारलेलं असतं.

व्यवहाराबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. अहवालासाठी स्वतंत्र संपादकाला मोबदला देणं योग्यच आहे. पुस्तक छापण्याचे पैसे मागणाऱ्याने केलेली स्तुती मात्र अभिप्राय म्हणून धरू नये. करार लेखी असावा आणि त्यात मुदत, प्रदेश व मानधन नमूद असावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानतात. चित्रकाराचं नाव आणि हक्क लेखकाइतकेच जपावेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीतही गोष्टी खुल्या परवान्याने प्रसिद्ध करता येतात. तिथे वाचनाच्या चार पातळ्या आहेत. आपली संहिता त्यांपैकी कुठे बसते हे ताडून पाहणं चांगला सराव आहे. पण खुला परवाना देणं म्हणजे काय देणं, हे आधी समजून घ्यावं.

अहवाल हाती आला की तो आठवडाभर बाजूला ठेवावा. त्यातलं सगळं मान्य करण्याचं बंधन नाही. परीक्षकाने दाखवलेली जागा बहुधा खरी असते, त्याने सुचवलेला उपाय चुकू शकतो. उपाय लेखकानेच शोधायचा असतो.

या दोन तालुक्यांत असे वाचक तयार व्हावेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यांना मोठ्या पदव्या लागत नाहीत. दोनशे बालपुस्तकं लक्षपूर्वक वाचलेली असावीत, मुलांमध्ये बसण्याची सवय असावी आणि लेखकाचा मान राखून खरं लिहिण्याची तयारी असावी. म्हणून शहापूर, मुरबाड, किन्हवली, सरळगाव, धसई इथल्या शिक्षकांना आणि ग्रंथपालांना विनंती आहे : चार-पाचजण मिळून महिन्यातून एकदा बसा, आपल्यातल्या एकाची संहिता आधी घरी वाचून या आणि प्रत्येकाने आपला अभिप्राय एका पानावर लिहून आणा. पहिल्या बैठकीला कुणाची वही घ्यायची, एवढं या आठवड्यात ठरवा.