असगर खान

एअर मार्शल मोहम्मद असगर खान (१७ जानेवारी, १९२१ - ५ जानेवारी, २०१८) हे पाकिस्तानी वायुसेनेचे पहिले पाकिस्तानी सरसेनापती व नंतरच्या काळातील विरोधी पक्षनेते होते. लष्कराच्या राजकारणातील हस्तक्षेपाचे कठोर टीकाकार म्हणून ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

खान यांचा जन्म जम्मू येथे झाला. देहरादूनच्या रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेजात शिक्षण घेतल्यावर १९४० मध्ये ते ब्रिटिश भारतीय सैन्यात अधिकारी झाले व लवकरच हवाई दलात गेले. १९४२ मध्ये सिंधमधील हुर बंडाच्या वेळी एका काफिल्यावर हवाई हल्ला करण्याचा आदेश त्यांना मिळाला. त्यात निःशस्त्र लोक असल्याचे दिसताच त्यांनी गोळीबार करण्यास नकार दिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले.

वायुसेनेतील कारकीर्द

फाळणीनंतर ते रिसालपूर येथील वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे पहिले प्रमुख झाले. १९५७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी, त्यांनी ब्रिटिश अधिकारी आर्थर मॅकडोनाल्ड यांच्याकडून सरसेनापतिपद स्वीकारले. त्यांच्या कार्यकाळात एफ-१०४ स्टारफायटर ही विमाने ताफ्यात आली. १९६५ च्या कच्छ रणातील संघर्षात त्यांनी भारतीय हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग यांच्याशी संपर्क साधला. दोन्ही हवाई दले त्या लढाईपासून दूर राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये, भारत-पाकिस्तान युद्धाच्या काही आठवडे आधी, नूर खान त्यांच्या जागी आले. त्यानंतर १९६८ पर्यंत असगर खान पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे प्रमुख होते.

राजकीय जीवन

नोव्हेंबर १९६८ मध्ये झुल्फिकार अली भुट्टो यांना अटक झाल्यावर खान यांनी अयुब खान यांच्या राजवटीविरुद्ध राजकारणात प्रवेश केला. पुढे त्यांनी तहरीक-ए-इस्तकलाल हा पक्ष स्थापन केला. १९७० च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. पूर्व पाकिस्तानातील लष्करी कारवाईला विरोध करून सत्ता शेख मुजीबुर रहमान यांच्याकडे सोपवावी, अशी भूमिका त्यांनी घेतली. पश्चिम पाकिस्तानात ती लोकप्रिय नव्हती.

१९७७ मध्ये भुट्टोविरोधी आंदोलनात तुरुंगात असताना त्यांनी सैन्याधिकाऱ्यांना उद्देशून पत्र लिहिले. बेकायदेशीर आदेश पाळू नयेत, असे त्यात म्हटले होते. हे लष्करी उठावाला दिलेले आमंत्रण होते, असा आरोप टीकाकार करतात. जुलैमध्ये झिया-उल-हक यांनी सत्ता बळकावली. निवडणुका लांबणीवर टाकणाऱ्या झियांनाही खान यांनी विरोध केला, त्यामुळे १९७९ ते १९८४ या काळात त्यांना ॲबटाबाद येथे नजरकैदेत राहावे लागले.

असगर खान खटला

१९९० च्या निवडणुकीत इस्लामी जम्हूरी इत्तेहाद या आघाडीच्या नेत्यांना गुप्तचर संस्था आयएसआयमार्फत पैसे वाटण्यात आले, अशी तक्रार त्यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे केली. मेहरान बँकेमार्फत सुमारे १४ कोटी रुपये उभारल्याचा आरोप होता. निकालास सोळा वर्षे लागली. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने माजी लष्करप्रमुख मिर्झा अस्लम बेग व आयएसआयचे माजी प्रमुख असद दुर्रानी यांचे वर्तन घटनाबाह्य ठरवून पुढील चौकशीचे आदेश दिले. मात्र खान यांच्या हयातीत कोणालाही शिक्षा झाली नाही.

लेखन व निधन

'द फर्स्ट राउंड' व 'जनरल्स इन पॉलिटिक्स' ही त्यांची प्रमुख पुस्तके आहेत. २०१२ मध्ये त्यांचा पक्ष इम्रान खान यांच्या तहरीक-ए-इन्साफमध्ये विलीन झाला. रावळपिंडी येथे वयाच्या ९६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रिसालपूरच्या वायुसेना प्रबोधिनीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.