पक्षिछायाचित्रण, दूरदर्शकीय
भूपृष्ठावरील निरीक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या दूरदर्शकाच्या नेत्रिकेमागे लहान अंकीय कॅमेरा धरून किंवा बसवून दूरच्या पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीस दूरदर्शकीय पक्षिछायाचित्रण असे म्हणतात. ‘डिजिस्कोपिंग’ या नावानेही ती ओळखली जाते. पक्ष्याला न मारता व त्याच्या फार जवळ न जाता त्याच्या अस्तित्वाचा पुरावा मिळविता येणे, हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय.

बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशात तिची उपयुक्तता विशेष जाणवते. गोदावरी नदी व बालाघाटचे डोंगर यांदरम्यान व त्या डोंगरांच्या माथ्यावर पसरलेला हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. त्यामुळे सिंदफणा नदीवरील माजलगाव, मांजरा नदीवरील धनेगाव आणि बीड शहराजवळील बिंदुसरा यांसारखे जलाशय पाणपक्ष्यांचे प्रमुख आश्रयस्थान ठरतात. हिवाळ्यात येथे स्थलांतर करून येणारी बदके, चिखल्ये, तुतवार इ. पक्षी आढळतात. उन्हाळ्याकडे पाणी ओसरू लागले, की काठ आणि पाणी यांमध्ये चिखलाचा व भेगाळलेल्या जमिनीचा रुंद उघडा पट्टा तयार होतो. त्यावर झुडूप किंवा बांध असा कोणताच आडोसा नसतो. मनुष्य दिसताच थवा उठतो व निरीक्षकाला पक्ष्यांपासून शेकडो मीटर अंतरावर थांबावे लागते. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यातही (स्थापना १९९४, क्षेत्रफळ सुमारे ३० चौ. किमी.) उघड्या टेकड्यांवरील मोर दुरूनच पाहणे इष्ट असते.

पूर्वेतिहास : एखाद्या प्रदेशात अमुक पक्षी आढळतो, हे सिद्ध करण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पक्षी मारून त्याचे कातडे जतन करणे हाच सर्वमान्य मार्ग होता. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात समाविष्ट होता. त्या संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह तिचा वृत्तांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून १९३३-३४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पाहणी नमुने गोळा करण्याच्या पद्धतीवर आधारलेली होती. पंखांची मापे व पिसाऱ्यातील सूक्ष्म भेद तपासण्यासाठी पक्षी हाती असणे तेव्हा आवश्यक मानले जाई. वर्गीकरणाच्या अभ्यासात अशा नमुन्यांचे महत्त्व आजही आहे; परंतु केवळ आढळाची नोंद करण्यासाठी स्पष्ट छायाचित्र बहुधा पुरेसे मानले जाते.

पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे लपणात बसून चित्रे घेण्याचे तंत्र विकसित केले. दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी करणारे दूरछायाचित्रण भिंग १८९१ च्या सुमारास डॉलमायर व इतरांनी तयार केले होते. तथापि त्या काळातील मंद काचपट्ट्यांवर हलत्या पक्ष्यांचे चित्र घेण्यास ते अपुरे पडे. भारतात ई. एच. एन. लोथर व आर. एस. पी. बेट्स यांनी लपणाचे तंत्र चिकाटीने वापरले. लोथर यांचा ए बर्ड फोटोग्राफर इन इंडिया  हा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

लपणातून घेतलेली चित्रे उत्कृष्ट असली, तरी या तंत्राला दोन मर्यादा होत्या. एक तर पक्षी हमखास परत येईल असे ठिकाण म्हणजे घरटेच असल्यामुळे चित्रण प्रायः विणीच्या हंगामापुरतेच होई. दुसरे म्हणजे लपण घाईने किंवा फार जवळ उभारल्यास पक्षी घरटे सोडून जाण्याचा, अंडी उन्हात उघडी पडण्याचा व भक्षकांना घरट्याची वाट दाखविली जाण्याचा धोका असे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीसारख्या पक्ष्यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

१९५० नंतर ३५ मिमी. फिल्मचा कॅमेरा दूरदर्शकाला जोडण्याचे प्रयोग झाले. त्यांत प्रतिमा मोठी मिळे. पण ती इतकी अंधुक असे, की दीर्घ उद्भासन द्यावे लागे. त्या अवधीत पक्षी हले किंवा कॅमेऱ्यातील आरसा व झडप यांच्या हादऱ्याने चित्र बिघडे. शिवाय चित्र साधले की नाही, हे फिल्म धुतल्यावरच समजे.

१९९९ मध्ये ही परिस्थिती पालटली. मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी लहान अंकीय कॅमेरा दूरदर्शकाच्या नेत्रिकेला लावून घेतलेल्या चित्रांमुळे या पद्धतीकडे जगभरातील निरीक्षकांचे लक्ष वेधले गेले. ‘डिजिस्कोपिंग’ ही संज्ञा सुचविण्याचे श्रेय फ्रान्समधील आलँ फोसे यांना दिले जाते. त्याच वर्षी बाजारात आलेला निकॉन कंपनीचा कूलपिक्स ९५० हा कॅमेरा आणि त्यानंतरचे ९९० (२०००), ९९५ (२००१) व ४५०० (२००२) हे त्याच घडणीचे कॅमेरे या कामासाठी प्रमाणभूत मानले गेले. विशेष म्हणजे ते या हेतूने बनविलेले नव्हते.

कॅमेऱ्याची निवड : नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाशझोत अरुंद असतो. वस्तुभिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले असता त्याचा व्यास मिळतो. उदा., ६० मिमी. वस्तुभिंग व २० पट विवर्धन असल्यास तो ३ मिमी. भरतो. नेत्रिकेच्या मागे थोड्या अंतरावर हा झोत सर्वांत अरुंद होतो आणि कॅमेऱ्याचे भिंग त्या स्थानाच्या जितके जवळ नेता येईल तितके चांगले. पुढचे भिंग मोठे असलेल्या किंवा झूम करताना नळी बाहेर येणाऱ्या कॅमेऱ्यात ही जुळणी साधत नाही व चित्राच्या कडा काळ्या पडतात. उपर्युक्त कॅमेऱ्यांचे पुढचे भिंग लहान होते, झूमची हालचाल आतल्या आत होत असे आणि जोडकडे बसविण्यासाठी भिंगाभोवती आटे होते. त्यांचे अंग मध्यावर फिरत असल्याने पडदा सोईस्कर कोनात ठेवता येई. म्हणून ३ ते ४ पट झूमचा साधा कॅमेरा १० पट झूमच्या महाग कॅमेऱ्यापेक्षा येथे सरस ठरला.

लहान कॅमेऱ्याचे दुसरे बलस्थान त्याच्या लहान संवेदकात आहे. कूलपिक्स ९५० च्या भिंगाचे केंद्रांतर ७ ते २१ मिमी., म्हणजे ३५ मिमी. फिल्मच्या मापात ३८ ते ११५ मिमी. होते. २० पट विवर्धनाच्या दूरदर्शकामागे ते २,३०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगासारखे कार्य करते. प्रत्यक्ष केंद्रांतर मात्र २१ × २० म्हणजे ४२० मिमी. असल्याने ६० मिमी. वस्तुभिंगासह परिणामी छिद्र एफ/७ येते. तेवढेच दृश्य त्याच वस्तुभिंगाने ३५ मिमी. फिल्मवर घ्यावयाचे, तर छिद्र सुमारे एफ/३८ होईल व उद्भासन सुमारे ३० पट द्यावे लागेल. अर्थात लहान संवेदकामुळे मंद प्रकाशात चित्रात दाणे दिसतात, ही या लाभाची किंमत होय. विवर्धन ४० पट केल्यास छिद्र एफ/१४ होऊन प्रकाश चौथाईवर येतो. म्हणून २० ते ३० पट विवर्धनाची व विस्तृत दृष्टिक्षेत्राची नेत्रिका पसंत केली जाते.

या जुळणीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सुमारे २० सेंमी. लांबीचा चिखल्या १०० मी. अंतरावर आहे असे मानल्यास, १,६०० चित्रबिंदू रुंदीच्या चित्रात केवळ कॅमेऱ्याने तो सुमारे १० चित्रबिंदूंचा, म्हणजे एक ठिपका दिसतो. दूरदर्शकासह तो सुमारे २०० चित्रबिंदूंचा होतो; चोच, पायांचा रंग व छातीवरील पट्टा त्यात ओळखता येतात. चित्रबिंदूंची संख्या दुप्पट केल्याने जे साधत नाही, ते योग्य जुळणीने साधते. याखेरीज छिद्र व उद्भासन स्वतः ठरविण्याची सोय आणि दूरस्थ कळ अथवा स्वयंचलित विलंब असणे आवश्यक मानले जाते. एवढ्या विवर्धनात बोटाच्या दाबानेही चित्र हलते. म्हणून भक्कम तिवई लागते.

प्रत्यक्ष वापर : मराठवाड्यात खरी अडचण उन्हाची आहे. तापलेल्या जमिनीवरील हवेच्या थरांमुळे प्रतिमा लहरू लागते आणि उत्तम भिंगानेही हा दोष दूर होत नाही. त्यामुळे सूर्योदयानंतरचा पहिला काळ चित्रणास सर्वांत अनुकूल असतो. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडणे व उष्ण चिखलपट्ट्यापेक्षा पाण्यावरून दृष्टिरेषा नेणे इष्ट असते. उडत्या पक्ष्यांसाठी ही पद्धत फारशी उपयोगी नाही. विसावलेले किंवा संथपणे चरणारे पक्षी हाच तिचा विषय होय.

२००५ नंतर मोठ्या झूमचे कॅमेरे लोकप्रिय झाल्याने नेत्रिकेस अनुरूप असे छोटे कॅमेरे दुर्मिळ होत गेले. २०१५ मध्ये आलेल्या निकॉन पी ९०० या कॅमेऱ्यात ३५ मिमी. फिल्मच्या मापात २,००० मिमी. पर्यंतचे झूम भिंगच होते. त्यामुळे अनेकांना दूरदर्शकाची गरज उरली नाही. दूरदर्शक वापरणाऱ्यांनी स्मार्टफोनचा स्वीकार केला. त्याचे पुढचे भिंग अतिशय लहान असल्याने १९९९ चेच तत्त्व त्यालाही लागू पडते. अशी छायाचित्रे ईबर्डसारख्या नोंदसंग्रहांत पुराव्यादाखल जोडली जातात.

साधन कोणतेही असले, तरी अंतर राखण्याचा नियम कायम आहे. मोर हा १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. अभयारण्यातील प्रवेश व छायाचित्रण यांसाठी परवान्याची तरतूदही त्या अधिनियमात आहे. अवर्षणाच्या वर्षी जलाशयाचे पाणी थोडक्या डबक्यांपुरते उरते, तेव्हा तेथून उठविलेल्या थव्याला जवळपास दुसरा आसरा नसतो. अशा वेळी काठापासून दूर राहून घेतलेले काहीसे अस्पष्ट चित्रही नोंदीच्या दृष्टीने पुरेसे असते.