पुढचा गडी मागे



आपल्या नंदुरबारच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर संध्याकाळी जाऊन उभे राहावे आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना विचारावे, "तू कुठे खेळतोस रे?" दहांपैकी नऊजण सांगतील, "पुढे." दहावा खाली मान घालून म्हणेल, "आज मागे टाकलंय." वर्गात बाकावर उभे केलेल्या मुलाचा चेहरा जसा होतो, तसाच त्याचा झालेला असतो.

आमची हयात कामगारांच्या संघटनेत गेली. फुटबॉलचे शास्त्र आम्ही कोठे शिकलो नाही. जे वाचले ते रात्री वाचले. पण माणूस एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात घालणे म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक आहे. अशा वेळी आम्ही मालकाला विचारतो: त्याला विचारलेत का? नवे काम शिकवलेत का? आणि त्याची भाकरी शाबूत आहे ना? आघाडीच्या खेळाडूचा बचावपटू करण्याच्या इतिहासाकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो.

हा इतिहास एका नियमापासून सुरू होतो. १९२५ पूर्वी पुढे चेंडू मिळताना खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत, नाहीतर ऑफसाइड. त्या वर्षी तिनाचे दोन झाले आणि इंग्लंडात गोलांचा पाऊस पडला. तेव्हा आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफला ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभे केले. मागे माणूस वाढवायचा म्हणजे तो पुढून काढायचा, हा हिशेब तेथून रूढ झाला.

इटलीतला जाचिंतो फाकेत्ती हा उंचापुरा पोरगा आपल्या गावच्या संघात आघाडीला खेळे. मिलानच्या इंटर संघाचे प्रशिक्षक हेलेनिओ हेर्रेरा यांनी त्याला डाव्या बॅकच्या जागी घातले. १९६१ मध्ये तो पहिल्या संघात आला आणि पुढे बॅक राहूनच त्याने इटलीच्या साखळीत ५९ गोल केले. त्याचे पुढे धावणे हेर्रेरांनी काढून घेतले नाही. फक्त धाव कोठून सुरू व्हायची, ते बदलले. १९६८ मध्ये युरोपचा अजिंक्य ठरलेल्या इटलीचा तो कर्णधार होता.

आपल्याकडे याच्या उलट घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंगांचे डोके फुटले. टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना बाहेर न बसवता सेंटर-फॉरवर्ड केले. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला, अंतिम सामन्यातही केला. दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक आणले. रहीमसाहेब मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. पोराच्या अंगात काय काय आहे हे मास्तराला कळते, आणि अमुक याच कामाचा, असा शिक्का तो चटकन मारत नाही.

आता आपल्या शेजारचे उदाहरण. गोव्यातील म्हापशाचा मंदार राव देसाई हा १९९२ चा जन्मलेला. डाव्या बगलेने पळणारा आघाडीचा खेळाडू. डेम्पो संघातून २०१४ मध्ये एफसी गोवा संघात आला. पुढे स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक झाले आणि मंदार डावा बॅक झाला. २०१९ मध्ये तो भारताकडून खेळला, तो याच नव्या जागेवर. तेव्हा वय सत्तावीस. या वयात पुष्कळांचे नाव यादीतून गळू लागते. पुढे लोबेरांबरोबरच तो मुंबई सिटीकडे गेला आणि २०२०-२१ मध्ये त्या संघाने साखळीही जिंकली व अंतिम सामनाही.

अशा खेळाडूला मुळात शिकायचे काय असते? बगलेच्या खेळाडूला शत्रूची खोड माहीत असते, कारण ती त्याची स्वतःची असते. समोरचा आत वळणार की रेषेने पळणार, हे तो खांद्यावरून ओळखतो. पण पुढे खेळताना चुकले तर चेंडू गेला, एवढेच. मागे चुकले तर गोल. म्हणून झडप न घालता मागे मागे सरकत राहणे, अंग तिरके ठेवून समोरच्याला रेषेकडे रेटणे, पाठीमागे कोण आहे हे मान वळवून सारखे पाहणे, आणि आपण पुढे धावलो तर रिकाम्या जागेवर कोण येणार हे आधी ठरवणे, हे सारे त्याला नव्याने अंगी बाणवावे लागते. याला महिने लागतात. या महिन्यांत पोरगा वाईटच दिसतो, आणि कडेला उभे राहून हसणारे पुष्कळ असतात.

ते महिने कोणी सोसायचे? मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र यांचे संघ होते. खेळाडूला हजेरीपटावर नाव मिळे. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. गिरण्या बसल्या, तशी ती हजेरीही गेली. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स चषक २००१ नंतर थांबला. गोव्यात खाणमालकांचे डेम्पो व साळगावकर हे संघ २०१६ मध्ये राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. संघ मोडतो तेव्हा नावाजलेला फॉरवर्ड दुसरीकडे जातो. अर्धवट घडलेल्या बॅकला मात्र कोणी विचारत नाही. आघाडीला त्याला लोक विसरलेले असतात आणि मागे अजून ओळखत नाहीत.

कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला आणि २०१७ मध्ये दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्या पोराला जेवण, निजायला जागा आणि मास्तर एकाच ठिकाणी मिळाले. आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या आश्रमशाळांतून डोंगर चढून दम कमावलेली मुले आहेत; त्यांतल्या एखाद्याला उद्या कोणी म्हणेल, "तू मागे ये." त्याने यावे की नाही, हे त्याला सांगण्याआधी आम्ही त्या सांगणाऱ्याला विचारू: पुढच्या वर्षी तुम्ही येथेच आहात ना?