ब्रिटनमधील स्थलांतरितविरोधी दंगली, आश्रयधोरण आणि कौटुंबिक हिंसाचार (१९५८ ते २०२५)

ब्रिटनमध्ये स्थलांतरितांविरुद्ध झालेल्या उद्रेकांत ‘आमच्या स्त्रियांचे रक्षण’ ही भाषा पुन्हा पुन्हा दिसते. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला, विशेषतः ती स्वतःच स्थलांतरित असेल तर, त्याच समाजाने व शासनाने कोणते संरक्षण दिले, हा प्रश्न मात्र सहसा वेगळ्या दालनात ठेवला जातो. प्रस्तुत लेखात हे दोन्ही धागे एकत्र तपासले आहेत.

लंडनमधील नॉटिंग हिलच्या दंगलीचा आरंभ या दृष्टीने बोलका आहे. २९ ऑगस्ट १९५८ रोजी लॅटिमर रोड स्थानकाबाहेर माजब्रिट मॉरिसन ही मूळची स्वीडिश स्त्री व तिचा जमैकन पती यांच्यात वाद झाला. गोऱ्या लोकांचा जमाव तिच्या ‘बचावा’साठी धावून आला, तिला ही मदत नको होती. दुसऱ्या रात्री गोऱ्या तरुणांनी तिलाच ओळखून गाठले, तिच्यावर दुधाच्या बाटल्या फेकल्या आणि तिच्या पाठीवर लोखंडी कांबीने प्रहार केला. रक्षणकर्त्यांचे हल्लेखोर होण्यास एक दिवस पुरला. दंगल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. न्यायालयाने नऊ गोऱ्या तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा ठोठावली; राजकीय चर्चा मात्र स्थलांतर रोखण्याकडे वळली आणि १९६२ मध्ये राष्ट्रकुलातील स्थलांतरितांवर निर्बंध घालणारा कायदा संमत झाला.

त्या काळात पतीने पत्नीला केलेली मारहाण ही पोलिसांच्या लेखी ‘घरगुती बाब’ होती. पीडित स्त्रियांसाठीचे चिझिक येथील निवारागृह १९७१ मध्ये सुरू झाले, पतीला घराबाहेर ठेवण्याचा आदेश मिळवून देणारा कायदा १९७६ मध्ये आला, आणि पतीने केलेला बलात्कार हाही गुन्हाच होय, असे हाऊस ऑफ लॉर्ड्सने स्पष्टपणे सांगितले ते १९९१ मध्ये. ज्या ‘आमच्या’ स्त्रियांच्या नावाने जमाव रस्त्यावर उतरत होता, त्यांच्या घरातील स्थिती ही अशी होती.

स्थलांतरित स्त्रीची कोंडी याहून अधिक होती. २३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने साउथॉल या आशियाई वस्तीच्या उपनगरात सभा घेतली. तिच्याविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच या शिक्षकाचा डोक्यावरील आघाताने मृत्यू झाला. हा घाव बहुधा एका पोलिसाचाच होता, असा निष्कर्ष असलेला पोलिसांचाच अहवाल प्रसिद्ध होण्यास २०१० साल उजाडले. १९७९ मध्येच ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना स्थापन झाली. (‘ब्लॅक’ या शब्दात तेव्हाच्या राजकीय परिभाषेनुसार आशियाई व आफ्रो-कॅरिबियन अशा दोन्ही स्त्रिया येत.) या संघटनेला दोन आघाड्यांवर लढावे लागले. एकीकडे वंशद्वेष होता. दुसरीकडे, घरातील मारहाण चव्हाट्यावर आणल्यास वंशवाद्यांच्या हाती कोलीत मिळेल, असे म्हणणारे स्वकीय होते. पतीच्या दीर्घ छळानंतर १९८९ मध्ये त्याला पेटवून देणाऱ्या किरणजीत अहलुवालिया यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. संघटनेच्या मोहिमेनंतर १९९२ मध्ये अपिलात ती दोषसिद्धी रद्द झाली व त्यांची सुटका झाली.

कोंडीचे मूळ स्थलांतरविषयक नियमांतही होते. पतीच्या आधारावर आलेल्या स्त्रीला कायम वास्तव्याचा हक्क मिळण्यापूर्वी ठरावीक काळ विवाह टिकवणे भाग होते. ही मुदत आधी एक वर्ष होती. २००३ मध्ये ती दोन व २०१२ मध्ये पाच वर्षे झाली. त्याआधी घर सोडले तर वास्तव्याचा आधारच जाई. शिवाय अशा स्त्रीला सरकारी अर्थसाहाय्य वर्ज्य होते. निवारागृहांचा खर्च बव्हंशी त्याच साहाय्यातून भागत असल्याने तेथेही तिला जागा मिळणे कठीण. मारणाऱ्या हाती पत्नीचा व्हिसाही असावा, अशी ही व्यवस्था होती. हिंसाचार सिद्ध करणाऱ्या पत्नीला १९९९ मध्ये सवलत मिळाली, ती २००२ मध्ये नियमांत समाविष्ट झाली. अर्जाच्या काळात तात्पुरते अर्थसाहाय्य देण्याची तरतूद २०१२ मध्ये झाली.

मायदेशातील घरगुती हिंसाचारापासून पळून आलेल्या स्त्रीचा प्रश्न वेगळा होता. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट व राजकीय मत ही पाच कारणे आहेत. ‘लिंग’ हे कारण नाही. मार्च १९९९ मध्ये ‘इस्लाम व शहा’ खटल्यांत हाऊस ऑफ लॉर्ड्सने चार विरुद्ध एक अशा बहुमताने दोन पाकिस्तानी स्त्रियांना निर्वासित मानले. पतीने घराबाहेर काढलेल्या या स्त्रियांना व्यभिचाराच्या आरोपाचे भय होते. लॉर्ड हॉफमन यांनी नाझी जर्मनीतील ज्यू दुकानदाराचा दृष्टान्त दिला. हल्ला करणारा प्रतिस्पर्धी व्यापारी खासगी वैरातून वागत असेल; परंतु पीडित ज्यू असल्यामुळे शासन त्याला वाचवणार नाही, हे त्याला ठाऊक असते. छळ म्हणजे गंभीर इजा आणि तिच्या जोडीला शासनाने नाकारलेले संरक्षण, अशी ही मांडणी होती. चिझिकपूर्वीच्या ब्रिटनलाही ती फारशी गैरलागू ठरली नसती.

२९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट येथे नृत्यवर्गात तीन मुलींची हत्या झाली. हल्लेखोर नावेतून आलेला आश्रयार्थी असल्याची अफवा पसरली. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. दुसऱ्याच दिवशी तेथील मशिदीवर हल्ला झाला आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला. ‘आमच्या मुलींना वाचवा’ अशा घोषणा तेथे होत्या. माहिती अधिकाराखाली मिळवलेली व २०२५ मध्ये ‘द गार्डियन’ने प्रसिद्ध केलेली आकडेवारी सांगते की, अटक झालेल्या ८९९ जणांपैकी ४१ टक्के लोकांविरुद्ध पूर्वी जोडीदारावरील अत्याचाराच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या होत्या. तक्रार म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे खरे. तरी हे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

याउलट उदाहरणही नोंदवले पाहिजे. २०२५ च्या उन्हाळ्यात एपिंग येथील निदर्शने एका आश्रयार्थ्याच्या अटकेनंतर झाली आणि लैंगिक हल्ल्याचा तो आरोप सप्टेंबरमध्ये न्यायालयात सिद्ध झाला. तेथील पालकांची भीती काल्पनिक नव्हती. मात्र त्याच ऑगस्टमध्ये शंभराहून अधिक महिला संघटनांनी स्त्रियांवरील अत्याचारांचा स्थलांतरितविरोधी राजकारणासाठी वापर होत असल्याबद्दल जाहीर आक्षेप घेतला.

स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल कराराला ब्रिटनने जुलै २०२२ मध्ये मान्यता दिली. पतीवर अवलंबून असलेल्या पीडित स्थलांतरित स्त्रीला स्वतंत्र वास्तव्यपरवाना देण्याचे बंधन घालणारे कलम ५९ मात्र त्या वेळी राखून ठेवण्यात आले.